सशाचं जुनाट नाक : आधी घरातली हवा, मग औषधाची बाटली

विचारणा थोडक्यात अशी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं गाव. अडीच वर्षांचा पांढरा नर ससा, वजन 1.8 किलो. मागच्या उन्हाळ्यापासून शिंका आणि दोन्ही नाकपुड्यांतून पांढरट, घट्ट शेंबूड. पाच-पाच दिवसांचे तीन अँटिबायोटिक कोर्स झाले. दरवेळी चौथ्या दिवशी नाक कोरडं होतं आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. दिवाळीनंतर त्रास वाढला. पिंजरा पुढच्या खोलीत, तिथेच कापूस भरलेला. रात्री गारठा लागू नये म्हणून पिंजऱ्यावर गोणपाट टाकतात. कोणतं औषध दिलं म्हणजे हे कायमचं जाईल?

कायमचं जाणं अवघड आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. आठ-नऊ महिने चाललेल्या नाकाला जुनाटच म्हणायचं. पण असे ससे वर्षानुवर्षं खाऊन-पिऊन मजेत राहू शकतात. तुमच्या प्रश्नातच दोन कारणं लिहून आली आहेत, कापूस आणि गोणपाट. औषध बदलण्याआधी त्यांचा बंदोबस्त करा.

या आजारात बहुतेकदा पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू असतो. त्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस, स्युडोमोनासही सापडतात. पाश्चुरेला कितीतरी निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकात आधीपासून असतो. पिल्लाला तो बहुतेकदा आईकडूनच मिळतो. नाकाच्या आतलं अस्तर शाबूत असेपर्यंत तो गप्प राहतो. धूळ, धूर किंवा मुताचा उग्र वास यांनी ते अस्तर सोलपटलं, की जंतूला जागा मिळते. पुढे नाकातली पातळ, गुंडाळलेली हाडं झिजतात आणि त्या पोकळ्यांत पू साठतो. सशाचा पू कुत्र्या-मांजरासारखा वाहता नसतो, तो चक्क्यासारखा घट्ट असतो. रक्तातून येणारं औषध त्याच्या आतपर्यंत पोचत नाही. पाच दिवसांत वरवरचे जंतू मरतात, नाक कोरडं दिसतं, आपण औषध थांबवतो आणि आतले पुन्हा वाढतात. तुमच्याकडे तीनदा हेच झालं.

मात्र नाक गळतंय म्हणजे जंतूच, असंही धरून चालू नये. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस बघा. ससा नाक पंजांनी पुसतो, त्यामुळे नाक आता कोरडं दिसलं तरी तिथले केस चिकट, गुठळ्या झालेले असतील तर शेंबूड येतोच आहे. दोन्हीकडून पाण्यासारखं पातळ येत असेल तर बहुधा धूळ-धूर. दोन्हीकडून घट्ट पांढरं-पिवळं असेल तर जंतू. फक्त एका बाजूने येत असेल आणि त्याच बाजूचा डोळा पाणावत असेल, तर दात किंवा नाकात अडकलेलं गवताचं कुसळ यांचा संशय घ्यावा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर. चावून झीज झाली नाही की मुळं उलटी वर सरकतात आणि डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूनलिका दाबतात. अशा सशाला कितीही अँटिबायोटिक द्या, उपयोग होत नाही. नाक स्वच्छ आहे पण पोट जोरात हलतंय, धाप लागतेय, तर दुखणं छातीत आहे. नसबंदी न केलेली तीन-चार वर्षांपुढची मादी असेल तर गर्भाशयाचा कॅन्सर फुप्फुसात उतरल्याची शक्यता धरून एक्स-रे काढावाच. तुमचा नर आहे, ती काळजी नाही.

ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, मान वर ताणून बसला, ओठ-नाक निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका. अशा सशाला उताणा करू नये, तोंडात काहीही पिळू नये, लेकरांना हाताळू देऊ नये. खोक्यात गवत टाकून, अंधार करून, पण हवा खेळती ठेवून थेट दवाखाना. 12 तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तरीही तीच घाई करावी, कारण नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही म्हणून ससा खात नाही, आणि खाणं थांबलं की आतडं थांबतं. बऱ्याच वेळा सर्दीचा ससा सर्दीने न मरता बंद पडलेल्या पोटाने मरतो.

आता हवा. भाव वाढेल म्हणून वेचणीचा कापूस घरात भरून ठेवणं आपल्याकडे नवं नाही. त्या ढिगाजवळ झोपणाऱ्या माणसालाही खाज आणि ठसका होतो. सशाचं नाक जमिनीपासून चार बोटांवर, आणि कापसाची बारीक तूस, पानांचा चुरा, धूळ तिथेच बसते. पिंजरा त्या खोलीतून आजच हलवा. कापूस हलवता येणार नाही, ससा येतो. कापूस भरताना-काढताना आणि खोली झाडताना तर तो घराच्या दुसऱ्या टोकाला असावा. झाडूऐवजी ओलं फडकं वापरा.

गोणपाटाचं दुसरं दुखणं. धडधाकट मोठ्या सशाला थंडीचं भय कमी असतं. आपल्याकडे जानेवारीत पारा 8-10 अंशांवर येतो, तेवढी थंडी कोरड्या जागी, वाऱ्याचा झोत नसताना तो सहज काढतो. त्याला सोसत नाही ती कोंडलेली हवा. पिंजरा चारी बाजूंनी झाकला की मुतातला अमोनिया आतच राहतो. पहाटे गोणपाट काढायच्या आधी गुडघ्यावर बसून आपलं नाक पिंजऱ्याच्या तळाशी नेऊन बघा. आपल्याला वास झोंबला, तर ससा रात्रभर त्यातच होता. थंडीत नाक बिघडतं याचं मोठं कारण हे झाकणं आहे. शिवाय गोणपाट स्वतःच धूळ सोडतं. त्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला एक-दोन अंगांना धुतलेली सुती चादर लावा, समोरची बाजू आणि वरचा भाग उघडा ठेवा, आत मूठ-दोन मूठ जास्त गवत टाका.

ट्रे रोज रिकामा करायचा. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि वर गवत, एवढं पुरतं. सॉ मिलमधला लाकडाचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका, त्याची धूळ बारीक असते आणि काही लाकडांतले तेलकट वास नाकाला झोंबतात. ट्रेवर मुताचा पांढरा खर बसतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं ओतून पंधरा मिनिटं ठेवा, मग घासा, धुवा, उन्हात वाळवा. ब्लीचिंग पावडरचं पाणी मुतावर ओतू नका. त्यातून निघणारा वायू माणसाच्याही छातीला वाईट. फिनाईलचा वासही नको.

धुराची यादी घरोघरी वेगळी असते. चुलीतल्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या), मच्छर अगरबत्ती, कॉइल, धूप, मिरचीच्या फोडणीचा खकाणा, मसाला कांडताना उडणारी पूड. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची तर जरूर भाजा, गॅसवर ती चव येत नाही. पण अंगणात, आणि वारा पिंजऱ्याकडे जात नसताना. डासांसाठी पिंजऱ्याला मच्छरदाणी बांधली की काम भागतं. नाक मोकळं व्हावं म्हणून कापूर, निलगिरी, बाम असलं काही सशाजवळ नेऊ नये. माणसाला बरं वाटतं, सशाच्या नाकाला आग होते.

हवा सुधारल्यावर पहिला आठवडा औषध न देता जाऊ द्या. अर्थात ससा खातोय, धाप नाही, वजन टिकून आहे तोवरच. याची दोन कारणं. नुसत्या हवेने किती फरक पडला ते कळतं. दुसरं म्हणजे स्वॅब तपासणीला (नाकातला शेंबूड काडीवर घेऊन त्यात कोणता जंतू आहे ते बघायला) औषध थांबून किमान आठवडा झालेला हवा. नाहीतर जंतू वाढतच नाही आणि रिपोर्ट कोरा येतो.

स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून उपयोग नाही. बारीक टोकाचा स्वॅब आत 1 ते 2 सेंटिमीटर जावा लागतो, त्यासाठी बहुतेक सशांना हलकी गुंगी द्यावी लागते. म्हणजे हे घरचं काम नव्हे. तालुक्याला प्राण्यांची प्रयोगशाळा नसते, पण माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणं, होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सशाच्या नाकातला स्वॅब, पाश्चुरेलाचा संशय, ब्लड अगारवर लावावा’ असं स्पष्ट लिहून घ्या. अगार म्हणजे जंतू वाढवायचा थर. हा जंतू मॅकॉन्की नावाच्या अगारवर वाढत नाही. लॅबने नेहमीच्या सवयीने तेवढंच लावलं तर रिपोर्ट ‘जंतू नाही’ असा येईल आणि तुम्ही फसाल. कोरा रिपोर्ट आला म्हणून जंतू नाहीत असं समजू नये. त्याच गुंगीत तोंड उघडून दाढा बघून घ्याव्यात आणि डोक्याचा आडवा एक्स-रे काढावा. एक्स-रेची सोय कुठे चालू आहे ते जळगाव किंवा धुळ्याला आधी फोन करून विचारा, मगच प्रवास. चैत्र-वैशाखात निघायचं तर पहाटेची गाडी.

औषधांत आधी काय द्यायचं नाही ते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं सशाला तोंडाने कधीही देऊ नयेत. ती आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, विष बनवणारे क्लॉस्ट्रिडियम फोफावतात आणि ससा हगवणीने दोन-चार दिवसांत जातो. मेडिकलवाला लहान मुलांचं गोड सिरप ‘अर्धा चमचा द्या’ म्हणून देतो, ते बहुधा अमॉक्सिसिलिनच असतं. तीच गोष्ट स्टेरॉइडची. धाप लागली की डेक्सामेथासोन टोचायची सवय गाई-म्हशींच्या उपचारातून आलेली आहे. सशाची प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने फार लवकर ढासळते आणि नाकात दबून असलेला पाश्चुरेला फुप्फुसात उतरतो. डॉक्टरांना नम्रपणे पण आधीच सांगा, स्टेरॉइड नको. पिसवांसाठी फिप्रोनिल असलेलं कुत्र्याचं औषधही सशाला चालत नाही. नाकाशी त्याचा संबंध नाही, पण त्याच दुकानात ते मिळतं म्हणून सांगितलं.

चालणारी औषधं : एन्रोफ्लॉक्सॅसिन, मार्बोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन, जपून अझिथ्रोमायसिन. पेनिसिलिन फक्त कातडीखालच्या इंजेक्शनने, तोंडाने नाही. कल्चर येईपर्यंत डॉक्टर बहुधा एन्रोफ्लॉक्सॅसिनने सुरुवात करतील. नेहमीचं माप किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तुमच्या सशाला 1.8 किलोला 18 मिलिग्रॅम होतात. इथे मोठी चूक होते. आपल्याकडे सहज मिळतं ते कोंबड्यांसाठीचं 10 टक्के द्रावण, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. त्यातलं 0.18 मिलिलिटर हवं. कोणी ‘एक एमएल’ म्हणालं आणि तुम्ही दिलं, तर साडेपाचपट डोस गेला. मोजायला 1 मिलिलिटरची साधी, बारीक खुणांची सिरिंज घ्या. इन्सुलिनची घेऊ नका, तिच्यावर 40 आणि 100 युनिटच्या वेगवेगळ्या खुणा येतात आणि हमखास घोळ होतो. हे द्रावण कडू आणि जळजळणारं असतं. मोजलेलं 0.18 मिलिलिटर तसंच न देता 1 मिलिलिटर पाण्यात मिसळा आणि सगळं पाजा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने थोडं-थोडं सोडा. मान वर करून ओतलं तर औषध श्वासनळीत जातं. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं इंजेक्शन वारंवार कातडीखाली दिलं तर तिथलं मांस सडून जखम होते, म्हणून तोंडाने देणंच बरं.

कोर्स पाच दिवसांचा नाही. कमीत कमी दोन आठवडे, जुनाट दुखण्यात चार ते सहा, आणि नाक कोरडं झाल्यावरही पुढचा आठवडाभर. मध्ये लेंड्या लहान झाल्या, पातळ झाल्या किंवा खाणं निम्म्यावर आलं तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. नाकातली सूज उतरावी म्हणून जोडीला मेलोक्सिकॅम देतात, पण ससा पाणी नीट पीत असेल तरच. सहा आठवड्यांनंतरही नाक तसंच असेल तर तिसरं, चौथं अँटिबायोटिक शोधत बसण्यापेक्षा दाढा आणि एक्स-रे यांकडे परत जावं.

यापेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जुनाट सशासाठी जास्त कामाची गोष्ट म्हणजे नेब्युलायझर. लहान मुलांना वाफ द्यायला वापरतात तोच. जाळीचा छोटा मिळाला तर उत्तम, तो आवाज करत नाही. कॉम्प्रेसरचा असेल तर मशीन दोन हात लांब, चौघडी केलेल्या कापडावर ठेवा. 40-50 लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा, आत मूठभर ओळखीचं गवत टाका, ससा बसवा आणि भोकातून नळी सोडा. औषध म्हणून फक्त 0.9 टक्क्यांचं नॉर्मल सलाईन, 3 ते 5 मिलिलिटर. घरचं मिठाचं पाणी नको. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यानंतर पाव-अर्ध्या तासात शिंका आणि शेंबूड वाढतो. लोक घाबरून बंद करतात, पण तेच हवं असतं. सुटलेला शेंबूड कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपा, कापसाची काडी नाकपुडीत घालू नका. मग औषध आणि खाणं. त्या वेळी वास येतो म्हणून ससा चांगला खातो. नेब्युलायझरची वाटी रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची, ओली राहिली की त्यात जंतू वाढतात आणि आपणच ते नाकात सोडतो. जेंटामायसिनसारखं काही त्यात घालायचं तर डॉक्टरांनी ठरवावं. गरम भांड्याची वाफ देऊ नका, सशाला उष्णता सोसत नाही.

खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त वाळलेलं गवत हवं. टिमोथी नावाचं परदेशी गवत मागवायची गरज नाही. मारवेल, पवना, हरळी चालते. कडबा द्यायचा तर पानांचा, कुट्टी केलेला नको, कुट्टीत पूड फार. गव्हाचं भूस अजिबात नको. गवत देण्याआधी अंगणात नेऊन जोरात झटका. पावसाळ्यात काळपट ठिपके किंवा कुबट वास आला तर फेकून द्या, बुरशीची भुकटी थेट फुप्फुसात जाते. साठवण सुती पिशवीत, प्लास्टिकच्या गोणीत घाम धरतो. लसूणघासात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला कधीमधी काडी-दोन काड्या. केळीचं पान आवडीने खातात. केळं मात्र रावेर-सावद्याचं कितीही गोड असलं तरी नखाएवढं. पोळी, बिस्किटं, कोंबडीखाद्य बंद.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. 45 अंशांच्या मे महिन्यात निरोगी ससाही धापतो, जुनाट नाकाचा तर गुदमरतोच. 30 अंशांपुढे त्याला त्रास सुरू होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान काम करतो, पण खिडकी उघडी हवी आणि झोत पिंजऱ्यावर नको. मागच्या वर्षीचं कूलरचं गवत तसंच लावलं तर पहिल्याच दिवशी वर्षभराची धूळ-बुरशी खोलीत येते. ते दरवर्षी बदला, टाकी आठवड्यातून दोनदा कोरडी करा. जूनमध्ये हवा दमट झाली की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. लोक सवयीने जुलैपर्यंत पाणी चालू ठेवतात, खोली ओलसर होते आणि नाक पुन्हा सुरू होतं. दुपारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. अंगावर पाणी ओतू नका. डब्यातलं नेब्युलायझेशन उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि रात्री.

एक वही करा. ससा झोपेत-आरामात असताना कुशीचं हलणं 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला 30 ते 60 ठीक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन. तुमच्या सशाचं 1.8 वरून 1.7 किलोच्या खाली गेलं तर नाक कसंही असो, दवाखान्यात दाखवा. मान एका बाजूला कलू लागली तर जंतू कानात शिरलेला असू शकतो, त्यातही उशीर करू नये.

एकटा आहे म्हणून जोडीदार आणायचा विचार असेल तर तूर्त नको, नव्याला हा जंतू मिळेल. आणलाच तर तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आणि आजाऱ्याचं काम शेवटी करून हात धुवायचे. गिनीपिग सोबत ठेवू नका. सशाच्या नाकातला बोर्डेटेला सशाला फार काही करत नसला तरी गिनीपिगला न्यूमोनियाने मारू शकतो.